तीन दिवस, एक वही आणि पुणे: काय बघू, कुठे बसून काढू?

रंगपेटी

नमस्कार मंडळी,

सांगोला तालुक्यातल्या एका शाळेत मी ३३ वर्षं चित्रकला शिकवली. मे महिन्यात निवृत्त झाले. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला दरवर्षी मुलं बसवली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र सगळं करून घेतलं. तांब्या, पेला आणि दोन कांदे टेबलावर किती वेळा मांडले असतील त्याला गणती नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. ज्या चित्रांविषयी मी मुलांना सांगत आले, ती मी स्वतः छापीलच पाहिली. एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा, करताना एकदा मुंबईची सहल निघाली होती. जहांगीर आर्ट गॅलरीत अर्धा तास मिळाला, मग गाडीत बसायची घाई. त्यानंतर कॅलेंडरं, मासिकं आणि आता मोबाईल. आठवीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, तैलचित्रातलं रेशीम चमकतं ते पांढऱ्या रंगानं का?" मी हो म्हणाले. ते उत्तर मी चित्रासमोर उभी राहून दिलेलं नव्हतं, हे अजून टोचतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाचीकडे सिंहगड रोडला येते आहे. हाताशी पूर्ण तीन दिवस. शनिवारवाडा, सारसबाग शाळेच्या सहलींबरोबर चार-पाच वेळा झालंय, पण तिथे मुलं मोजण्यातच वेळ गेला. आता मला मूळ तैलचित्रं समोरून बघायची आहेत. आणि जिच्यासमोर तासभर निवांत बसून काढता येईल अशी एखादी इमारत हवी आहे. उजवा गुडघा दुखतो, त्यामुळे जिने बेतानंच. खरेदी, हॉटेलं काही नको. जाणकारांनी सांगावं.

टीस्क्वेअर

बाई, नमस्कार. तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दुपारी लिहायला बसलो. मी चित्रकार नाही. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ३१ वर्षं ड्राफ्ट्समन होतो. ट्रेसिंग पेपर, रोटरिंगची पेनं, चुकलं की ब्लेडनं हलकेच शाई खरवडायची आणि नखानं कागद घोटून पुन्हा रेघ मारायची, त्या काळातला. संगणक आल्यावर तोही शिकलो.

माझं म्हणणं एवढंच, की तीन दिवसांत तीन इमारती बघा. चौथी नको. आणि प्रत्येकीसमोर बसून काढा. यादी लांबवली की फोटो वाढतात, वही कोरी राहते.

पहिला दिवस विश्रामबागवाड्याला द्या. दुसऱ्या बाजीरावानं १८०७ च्या सुमाराला बांधला, आणि शनिवारवाड्यापेक्षा त्याला इथेच राहणं आवडायचं. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळला, त्यामुळे तिथे तट आणि जोती उरली. पेशवाईतलं लाकूडकाम जागेवर बघायचं तर विश्रामबागेलाच जावं लागतं. इंग्रजांनी १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा काढली, तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज झालं. १८७९ च्या आगीत बुधवारवाडा गेला आणि याचंही मोठं नुकसान झालं, पण रस्त्याकडचा सज्जा आणि त्याखालचे खांब बघाच. सागवानी, सुरूच्या झाडाच्या आकाराचे, खाली भरलेले आणि वर निमुळते होत गेलेले, माथ्यावर केळफूल. समोरच्या फुटपाथवर उन्हं अंगावर यायच्या आत, नऊच्या सुमाराला बसा. बाजीराव रस्त्याची रहदारी असते, पण वहीत मान घातली की ऐकू येईनासं होतं.

काढताना खांबाच्या बुडाशी बघा. लाकूड थेट जमिनीवर टेकत नाही, खाली दगडाचा तळखडा असतो. ओल आणि वाळवी लाकडाला लागू नये म्हणून. आणि खण मोजा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. सागाची तुळई जेवढी लांब मिळते तेवढाच खण, आणि वाड्याची सगळी मापं त्या खणात. दोन खणी सोपा, पाच खणी दिवाणखाना असं माणसं बोलायची, फुटात कोणी बोलत नसे. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, त्यावर माती, म्हणजे कडीपाट. उन्हाळ्यात वाडा गार राहतो तो त्या मातीमुळे आणि जाड भिंतींमुळे.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. नोकरीला लागून दुसरंच वर्ष होतं. नारायण पेठेतला एक वाडा पाडायचा होता आणि त्याआधी मोजणीला आम्हा दोघांना पाठवलं. चार दिवस मोजत होतो. सहकारी आजारी पडला तेव्हा टेपचं दुसरं टोक घरातल्या आजींनी धरलं. नऊवारी खोचून त्या माझ्याबरोबर प्रत्येक खोलीत आल्या. माजघरात टेप ताणून धरत म्हणाल्या, "इथं माझी तिन्ही बाळंतपणं झाली, हे पण लिही." नकाशावर असं काही लिहित नाहीत. मी पेन्सिलीनं बारीक लिहिलं. वाडा त्या दिवाळीनंतर पडला. ऑफिस बंद झालं तेव्हा त्या सात शीटची एक अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशाची निळ्या रेघांची प्रत, मी मागून घेतली. कपाटावर नळीत आहे. रेघा फिकट होत चालल्या आहेत, पण खण मोजता येतात.

म्हणून सांगतो, काढा. पुण्यात इमारत उद्या असेलच असं धरून चालू नये.

दुसरी महात्मा फुले मंडई. १८८६ ची, वासुदेव बापूजी कानिटकरांनी बांधलेली. मूळ नाव रे मार्केट. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्यातून आठ दिशांना फुटलेल्या कौलारू पाखा. तुम्ही मुलांना अष्टकोन शिकवला असेलच, चौकोन काढून कोपरे छाटायचे. तोच अष्टकोन इथे ऐंशी फूट वर चढताना बघा. कुठूनही बसा, तीन किंवा चारच बाजू दिसतात आणि त्यातल्या कडेच्या दोन तिरक्या होत मागे पळतात. तो पळ साधणं अवघड आहे, मला सात-आठ बैठका लागल्या. एक माहिती जाता जाता: जोतीराव नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा या मंडईवर एवढा पैसा घालायला त्यांचा विरोध होता, तो शिक्षणावर घाला असं त्यांचं म्हणणं. आज त्यांच्याच नावानं मंडई उभी आहे. मेट्रोचं मंडई स्टेशन आता जवळच झालंय, स्वारगेटहून पहिलंच. सरकता जिना आहे, गुडघ्याला त्रास नाही.

तिसरी इमारत तुम्ही निवडा. चित्रांबद्दल दुसरे कोणी सांगतील.

बारानंबरब्रश

बाई, चित्रांबद्दल मी सांगते. पुण्यात राहून चित्रं काढते, सत्तावीस वर्षं झाली.

आधी स्पष्ट सांगते म्हणजे निराशा व्हायला नको. कधीही गेलं तरी तीच मोठी चित्रं भिंतीवर असतात, असं मोठं कलासंग्रहालय पुण्यात नाही. इथली चांगली तैलचित्रं नाट्यगृहांत आहेत. गोपाळ देऊसकर (१९११ ते १९९४) आपल्याकडचे फार मोठे व्यक्तिचित्रकार. बालगंधर्व रंगमंदिरात त्यांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन पूर्णाकृती चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं. तोच माणूस, तोच चित्रकार. दोन्ही चित्रांत खांदे आणि मान कशी बदलली आहे ते निरखून बघा. याच रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हातून बसली आणि ते १९६८ मध्ये उघडलं. टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात लोकमान्यांच्या चरित्रावरचं मोठं भित्तिचित्रही देऊसकरांचंच. लोक नाटकाला येतात, चहा पितात आणि त्याच्या समोरून निघून जातात. मी स्वतः कॉलेजात असताना कित्येकदा तशीच गेले आहे.

दारावर असतील त्यांना आधी विचारा. "मी चित्रकलेची शिक्षिका, चित्र बघायला आले आहे" असं सांगितलं की सहसा सोडतात. नाटक सुरू व्हायच्या आधीचा अर्धा तास बरा.

तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर चित्राला नाक लावूनच सापडतं, म्हणून थोडंच सांगते. चमक शुद्ध पांढऱ्यानं येत नाही. चमकेच्या शेजारचा रंग किती गडद आणि किती थंड ठेवलाय त्यानं ती येते. पांढरा असतो तो अगदी टोकाला, एका फटकाऱ्यापुरता, आणि तो जाडसर लावलेला असतो. छापील चित्रात ती जाडी दिसत नाही, म्हणून सगळं पांढऱ्यावर गेल्यासारखं वाटतं.

आता कलादालनं. बालगंधर्वच्या आवारातलं कलादालन आणि घोले रोडचं राजा रवि वर्मा कलादालन ही महापालिकेची. शनिवार पेठेत अहिल्यादेवी शाळेजवळ सुदर्शन कलादालन. पत्रकारनगरला दर्पण. ही दालनं चित्रकार काही दिवसांसाठी भाड्यानं घेतात, म्हणून आज काय लागलंय ते वर्तमानपत्रात बघून मगच निघा. भिंतीवरचं चित्र कसं निघेल ते नशिबावर, पण चित्रकार स्वतः तिथे खुर्चीवर बसलेला असतो, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याच्याशी बोला. माझ्या गेल्या प्रदर्शनाला पाच दिवसांत अभिप्राय वहीत एकेचाळीस नावं आली. "छान", "खूप सुंदर" अशी चाळीस. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, "तिसऱ्या चित्रातल्या भिंतीचा हिरवा रंग ओलीमुळे आलाय की रंग दिलाय?" ते पान मी कापून जपून ठेवलं आहे. तुम्ही असंच काही विचाराल याची मला खात्री आहे.

आणि रवि वर्मा मूळ बघायचेच असतील तर परतताना वाट थोडी वाकडी करा. सातारा जिल्ह्यातलं औंध. संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ मध्ये तिथे भवानी संग्रहालय उभं केलं. रवि वर्म्यांची अस्सल तैलचित्रं आहेत, आणि हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' हे दगडी शिल्पही आहे. सांगोल्याहून पुण्यापेक्षा औंधच जवळ. संग्रहालय टेकडीवर आहे, गुडघ्याची काळजी घ्या.

मोडीवाचक

वरच्या दोन्ही उत्तरांत एक माणूस राहिला. बाई शिक्षिका आहेत म्हणून मुद्दाम सांगतो.

पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील, म्हणजे राजकीय प्रतिनिधी, होता चार्ल्स मॅलेट. त्याच्याकडे १७९० च्या दशकात जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची व्यक्तिचित्रं त्यानंच केली. त्या काळात शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा चालत होती, पाश्चात्त्य पद्धतीनं रेखाटन शिकवणारी. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं, म्हणजे ही त्याच्या साठेक वर्षं आधीची. तिच्याशी जोडलेलं सगळ्यात मोठं नाव गंगाराम तांबट. त्यानं वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली, जागेवर जाऊन, छायाप्रकाशासकट. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही त्यानं १७९० मध्ये काढलाय, कातडीच्या घड्यांसह. ही रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत, संगणकावर मोठी करून बघता येतात. पुण्यात त्याच्या नावाचा चौक किंवा पाटी मला तरी दिसलेली नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शनिवारवाड्याला आता पुन्हा जाल तेव्हा मुलं मोजायची नाहीत. तेव्हा त्या जोत्यांवर एखादा पोरगा पाटीवर अष्टकोन घटवत बसला होता हे आठवून बघा. आणि तिथून कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा, चालत जाण्यासारखं आहे. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीनं ठोके देत मठारकाम करणारी घरं अजून आहेत. आवाजावरूनच आळी सापडते.

शनिवाररविवार

सगळ्यांचा आदर राखून सांगतो, तीन दिवसांत तीनच इमारती हे पटत नाही. बाई एवढ्या लांबून येणार, पुन्हा कधी येणं होईल कोण जाणे. आगाखान पॅलेस बघायलाच हवा. १८९२ चा, दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बांधलेला. गांधीजी १९४२ ते १९४४ तिथे कैदेत होते, महादेवभाई आणि कस्तुरबा तिथेच गेले. समाधीस्थळाची रचना चार्ल्स कोरियांची. कोरियांचीच विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे: काळा दगड, मधलं पायऱ्यांचं कुंड, तिथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे. एरवी परवानगी लागते, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मात्र सगळ्यांना खुलं असतं. गाडी केली तर केळकर संग्रहालय धरून दोन दिवसांत सगळं होतं.

टीस्क्वेअर

भाऊ, तुम्ही सांगितलेलं एकही ठिकाण सोडावं असं नाही. आगाखान पॅलेसच्या ओवरीतल्या कमानींसमोर मी स्वतः दोन रविवार काढले आहेत. बाईंनी तो तिसऱ्या दिवशी घेतला तर उत्तमच. गाडीतून दोन दिवसांत सगळं करण्याला माझा विरोध आहे. बाई बघायला येत आहेत, आणि बघायला वेळच लागतो.

केळकर संग्रहालयाचं मात्र माझ्याकडून राहिलं, ते चुकलं. विश्रामबागवाड्यापासून जवळ आहे. दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं हा संग्रह. संग्रहात वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत, मांडलेल्या त्यातल्या थोड्या. दिवे, अडकित्ते, फण्या, पाय घासायच्या वज्ऱ्या. बाई, तुम्ही जन्मभर तांब्या-पेला मांडलात, तुम्हाला तिथे घरच्यासारखं वाटेल. नवरा-बायकोनं गावोगाव फिरून गोळा केलंय सगळं. कोथरूडचा मस्तानी महाल सुटा करून आणून आत पुन्हा उभा केलाय. चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणाऱ्यांची, चित्रं मांडलेली आहेत का तेही विचारा. जिने आहेत, पण तळमजल्यावरच्या वस्तूंनीही वही भरेल.

रंगपेटी

कालच घरी पोचले. सगळ्यांचे आभार मानायला बसले आहे.

टीस्क्वेअर सरांचं ऐकलं. विश्रामबागेसमोर पहिल्या दिवशी पावणेनऊला बसले आणि उठले तेव्हा साडेअकरा झाले होते. पूर्ण दर्शनी भाग काढायचं ठरवलं होतं. शेवटी एकच खण काढला, दोन खांब आणि वरचा सज्जा. हात लांब करून पेन्सिलीनं माप घेत होते तेव्हा लक्षात आलं की खांबाचा पोट असलेला भाग मला वाटत होता त्याच्या बराच खाली आहे. सुरूचा खांब मी आजवर फळ्यावर सरळ काढत आले. शाळेच्या गणवेशातला एक मुलगा बराच वेळ मागे उभा होता. त्यानं विचारलं, "हे विकणार का?" मी म्हटलं, "नाही रे, शिकत्ये." तर तो शेजारी दप्तरावर बसला आणि त्यानं गणिताच्या वहीमागे केळफूल काढलं. मी हात धरला नाही. त्याचं केळफूल चांगलं होतं.

मंडई अर्धीच झाली. तो पळ मला जमला नाही, पुन्हा जावं लागेल.

बालगंधर्वला दारावरच्या गृहस्थांनी आत सोडलं आणि वर दिवाही लावून दिला. मी आधी लांब उभी राहिले, मग जवळ गेले, मग पुन्हा लांब. जवळून नुसता रंग होता, फटकारे, कुठे दाट कुठे पातळ. चार पावलं मागे आले की वस्त्र. असं मी सहा-सात वेळा केलं. बारानंबरब्रश ताई, तुम्ही सांगितलंत ते खरं आहे. त्या मुलीला मी चुकीचं सांगितलं होतं. ती आता पंढरपूरला असते, दोन मुलांची आई आहे. रात्रीच तिला फोन करून सांगितलं. तिला प्रश्न आठवत नव्हता, पण तिनं सगळं ऐकून घेतलं.

टिळक स्मारकलाही गेले. घोले रोडला परभणीकडच्या एका तरुणाचं प्रदर्शन होतं, सगळी कापसाच्या गाड्यांची चित्रं. त्याला विचारलं, कापूस पांढरा असून इतका जांभळा का? तो खुर्चीवरून उठलाच. तासभर बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी आगाखान पॅलेस ठरवला होता. पण गंगाराम तांबट डोक्यातून जात नव्हता, म्हणून सकाळी आधी तांबट आळीत गेले, आणि दिवस तिथेच गेला. एका कारागिराच्या दारात मला स्टूल दिलं. त्यांचा हात क्षणभर थांबत नव्हता, घागर मांडीशी फिरते आणि ठोके एकाला लागून एक पडत जातात. समोर बघून काढणं शक्य नव्हतं. मग डोळे भरून बघितलं, मान खाली घातली आणि स्मरणचित्रासारखं काढलं. झाल्यावर त्यांना दाखवलं. त्यांनी वही हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "बाई, सगळं बरोबर आहे, अंगठा चुकलाय. अंगठा वर नसतो, दांड्याच्या कडेला असतो. वर धरला तर संध्याकाळपर्यंत हात राहणार नाही." आणि हातोडी माझ्या हातात दिली, धरून बघायला.

अंगठा तिथेच बसून सुधारला. चित्र सोबत जोडते आहे.